फायर ड्रिल: रजिस्टरमधलं, ऑफिसातलं आणि खरं

जकार्ड (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. परदेशातलं गिऱ्हाईक ऑर्डर द्यायच्या आधी ऑडिटर पाठवतं, आणि त्याच्या यादीत फायर ड्रिलच्या नोंदी तपासायच्या असतात. मागच्या ऑडिटच्या तोंडावर आमच्याकडे ड्रिल झालं. जेवणाच्या सुट्टीत माणसं अंगणात आलेलीच होती. त्यांना दोन रांगांत उभं केलं, एकाच्या हातात लाल सिलिंडर देऊन फोटो काढला, रजिस्टरवर सह्या घेतल्या. 'इमारत रिकामी होण्यास लागलेला वेळ' या रकान्यात ३ मिनिटे असं लिहिलं गेलं. तो आकडा आधीच्या पानावरून उतरवलेला होता. घंटा वाजली नव्हती, माग बंद झाले नव्हते. वरच्या मजल्यावर शिलाईला बसणाऱ्या बायका डबे उघडून वरच बसल्या होत्या, त्यांच्या सह्या संध्याकाळी घेतल्या.

त्याच आठवड्यात आमच्या एजंटच्या ऑफिसातून मेल आला, 'टीम, आज फायर ड्रिल आहे, चारपर्यंत सगळं हवंय.' हवं काय होतं, तर गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या मालाची रंगाप्रमाणे आणि साइझप्रमाणे फोड. ऑफिसातली सगळी माणसं हातातलं काम टाकून त्याला लागली. एका कंटेनरचे कागद त्या दिवशी निघायचे होते, ते राहिले. चारला कोष्टक गेलं. दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं की मीटिंगच पुढे गेली, फाईल कुणी उघडलेली नाही.

ऑफिसांमधून या दुसऱ्या प्रकाराला आता सर्रास फायर ड्रिल म्हणतात. आग नसताना लावलेली धावपळ. आणि जिथे खरोखर धावून बघायचं, तिथे नुसती सही. हे दोन्ही एका छपराखाली चालतं, आणि मला त्याची भीती वाटते, कारण आपण सोलापुरात राहतो. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं, टीव्हीवर दिवसभर भोंग्यांच्या बातम्या होत्या. त्यानंतर अकराव्या दिवशी, १८ मेच्या रविवारी पहाटे, आपल्याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. कारखान्याच्या आवारातच राहणारी कुटुंबं होती ती, त्यात लहान मूलही होतं.

मला जे कळलंय ते असं. जिथे रोज खोटी आग लावली जाते, तिथे खऱ्या घंटेला कुणी जागचं हलत नाही. त्यामुळे ऑफिसातली फायर ड्रिलं थांबवणं आणि शेडमधलं फायर ड्रिल खरं करणं, ही दोन्ही कामं एकाच माणसाने अंगावर घ्यावीत असं मला वाटतं.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे परत ड्रिल आहे आणि या वेळी ते मी मागून घेतलंय. ज्यांनी खरं ड्रिल केलंय, बघितलंय, किंवा ज्यांना ते नकोसं वाटतं, सगळ्यांनी लिहा.

सात_रस्ता

त्या रविवारी माझा चुलतभाऊ तिकडेच होता. दुपार उलटली तरी आतून धूर येतच होता म्हणाला. टॉवेलचा माल, विझला म्हणेपर्यंत परत पेटतो. धागा काढलात ते बरं केलंत. वाचतोय.

तांबडी_गाडी

जकार्ड, अग्निशमन दलात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहितो.

आमच्याकडे ड्रिल म्हणजे रोजची सकाळ. होज म्हणजे पाण्याची नळी पसरायची, जोडायची, गुंडाळायची. शिडी लावायची, उतरवायची. हात न बघता कपलिंगवर, म्हणजे नळीच्या जोडावर, गेला पाहिजे, कारण धुरात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. हाताला जे माहीत असतं तेवढंच तिथे चालतं. अग्निशमन सप्ताहात आम्ही शाळांत, कारखान्यांत प्रात्यक्षिकं करायचो तेव्हा लोक गोळा व्हायचे, टाळ्या वाजवायचे. पण विहिरीच्या कठड्यावर बसून दुसऱ्याचं पोहणं बघितलं म्हणून आपल्याला पोहता येत नाही.

हा सप्ताह १४ ते २० एप्रिल असतो, तो का ते सोलापूरच्या माणसाने आवर्जून लक्षात ठेवावं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. आग होती कापसात. जवानांनी ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, तरी आगीचं मूळ सापडेना. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले.

कापूस हा असाच पेटतो. सूत, टॉवेलचे गठ्ठे, चादरींच्या थप्प्या वरून काळ्या पडल्या, विझल्यासारख्या दिसल्या तरी आतून धुमसत राहतात. आणि शेडमधली खरी वात वेगळीच असते. मागांच्या वर तुळयांवर, ट्यूबलाइटच्या पट्ट्यांवर, वायरींवर कापसाची बारीक लव साचते. एक ठिणगी पडली की त्या लवेवरून आग शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते. माणूस तिच्यापुढे पळू शकत नाही. म्हणून तुमच्या ड्रिलची सुरुवात झाडूपासून करा, वरची लव काढा.

सिलिंडरबद्दल. पावडरचा सिलिंडर ज्वाळा मारतो, पण गठ्ठ्याच्या पोटातला निखारा थंड करत नाही, ते पाण्याचंच काम. पाण्याच्या आधी मेन स्विच बंद. सहा किलोचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो, हे बहुतेकांना हातात धरल्यावरच कळतं. पिन ओढायची, दोन-अडीच मीटरवरून आगीच्या बुडाशी नेम धरायचा, दांडा दाबायचा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवायची. दार कायम आपल्या पाठीमागे ठेवायचं. एका सिलिंडरात आग आटोक्यात आली नाही तर दुसरा शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं. ड्रिलमध्ये निदान काही जणांना खरा सिलिंडर मारू द्या. भरायला पैसे लागतात, लागू देत.

आणि धूर. आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. ओला रुमाल काजळी थोडीफार अडवतो, हा वायू अडवत नाही. म्हणून खाली वाकून, जमिनीलगत, आणि पहिल्याच मिनिटाला निघायचं. रात्री झोपलेल्या माणसाला तर घंटेशिवाय दुसरं काहीच वाचवत नाही, कारण झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल या भरवशावर राहता येत नाही.

१०१ ला फोन कोण करणार ते आधी ठरलेलं असावं, नावानिशी. एरवी दहा जणांना वाटतं नवव्याने केला असेल. फोनवर प्लॉट नंबर सांगा, जवळची खूण सांगा, काय जळतंय ते सांगा, आत कुणी अडकलंय का ते सांगा. एक माणूस गेटबाहेर रस्त्यावर उभा करा. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर सगळ्या शेडी सारख्याच दिसतात, रात्री तर विचारूच नका.

माळढोक

मूळचा सोलापूरचा, नोकरी पुण्यात आयटीत. तांबडी_गाडी काका, प्रतिसाद जपून ठेवलाय.

जकार्डने लिहिलेलं दुसरं फायर ड्रिल आमच्याकडे रोजचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी वरून एक ओळ येते, सगळे लॅपटॉप परत उघडतात, सोमवारी कळतं की कुणीतरी सहज विचारलं होतं. मधल्या पायरीवरच्या कुणीच 'हे खरंच आत्ता हवंय का' एवढं विचारलेलं नसतं. वरच्याने विचारलं, मधल्याने घाबरून दुप्पट केलं, खालच्यापर्यंत येईतो त्याची आग झाली. यात नुकसान फक्त वेळेचं होत नाही. खरोखर सिस्टीम बंद पडते तेव्हाही लोक तोच थकलेला चेहरा करून बसतात, हे मी बघितलंय.

याच्या उलट उदाहरण ठाऊक असावं म्हणून लिहितो. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये मॉर्गन स्टॅनलीचा सुरक्षा प्रमुख होता रिक रेस्कोर्ला. १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर तो दर तीन महिन्यांनी सगळ्या मजल्यांचं ड्रिल घ्यायचा, जोडीजोडीने जिन्यावरून खाली उतरवायचा. मोठमोठे अधिकारी कामं सोडून उठावं लागतं म्हणून कुरकुरायचे. ११ सप्टेंबर २००१ ला पहिल्या टॉवरवर विमान आदळल्यावर दुसऱ्या टॉवरमध्ये जागेवरच थांबा अशी सूचना दिली गेली. त्याने ती मानली नाही, माणसं उतरवायला लागला. कंपनीची सुमारे २७०० माणसं तिथे होती, त्यातली जवळजवळ सगळी वाचली. तो स्वतः राहिलेल्यांना काढायला परत वर गेला आणि परतला नाही.

ज्या ड्रिलमुळे काम थांबतं म्हणून लोक वैतागतात ते ड्रिल बहुधा खरं असतं. जेवणाच्या सुट्टीत उरकलेल्या ड्रिलबद्दल कुणी तक्रार करत नाही.

उत्तर_कसबा

सरकारी कचेरीत आहे. आमच्याकडे याला इंग्रजी नाव नाही, शिक्का आहे: 'अतितात्काळ'. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, आढावा बैठक, मंत्र्यांचा दौरा. दुपारी एकला व्हॉट्सअॅपवर नमुना येतो, तीनपर्यंत भरून द्या. तोच तक्ता गेल्या महिन्यात दिलेला असतो, फक्त रकाने उलटसुलट केलेले. खेड्यातला ग्रामसेवक हातातलं काम सोडून आकडे गोळा करतो, आणि वेळ नसल्यामुळे अंदाजे लिहितो. त्या आकड्यांवर पुढे निर्णय होतात. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो.

सगळ्याच फायलींवर अतितात्काळ असलं की टेबलावरच्या माणसाला खरोखर तातडीची फाईल ओळखता येत नाही. पाणीटंचाईचा टँकर आणि सत्काराच्या हारांचं बिल एकाच रंगाच्या पट्टीत येतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी माझ्या टेबलापुरता एक नियम केलाय. तातडीचं पत्र आलं की पाठवणाऱ्याला फोन करून विचारतो, 'ही माहिती कुठल्या बैठकीला, किती वाजता लागणार?' निम्म्यांना उत्तर देता येत नाही. त्यांची माहिती वेळेवर देतो, पण दुसऱ्याचं काम थांबवून नाही.

हिप्परगा

मी लहान कारखानदार आहे, स्वतःचे माग आहेत. धागा वाचून राहवलं नाही म्हणून विरोधात लिहितो. राग मानू नका.

अचानक घंटा वाजवून माग बंद करा म्हणणं सोपं आहे ओ. चालता माग मध्येच थांबला की परत लावताना विणीत पट्टा पडतो, तो टॉवेल सेकंड्समध्ये, म्हणजे दुय्यम मालात जातो. कामगार पीस रेटवर आहे. जेवढं विणेल तेवढं त्याला मिळतं. त्याला पंधरा मिनिटं बाहेर उभं केलं तर ते त्याच्या खिशातून जातं, माझ्या नव्हे. तो मला तोंडावर म्हणतो, 'मालक, सही करतो की, उभं कशाला करता?' वरून लाइट जाते, सुताचा भाव वर-खाली होतो, मजूर टिकत नाही. मोठ्या युनिटला सेफ्टी ऑफिसर परवडतो. आमच्यासारख्याला परवडत नाही. जे करता येईल तेवढंच सांगा.

जकार्ड

हिप्परगा मालक, राग कसला. पीस रेटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण तिथेच गाडी अडते.

ज्याची मजुरी थांबते तो घंटा ऐकून उठणार नाही, हे उघड आहे. आणि ही सवय आगीच्या दिवशी सुटणार नाही. तो आधी हातातला टॉवेल पुरा करील, सुताची कोन बाजूला ठेवील, मग मान वर करून बघील. त्यात पहिलं मिनिट जातं, आणि काकांनी लिहिलंय की पहिलंच मिनिट कामाचं. म्हणून ड्रिलच्या वेळेची मजुरी द्यायची, सरासरी काढून, त्याच आठवड्याच्या पगारात, वेगळी ओळ दाखवून. आमच्या मालकांशी बोललो, तेवढी रक्कम त्यांना जड वाटली नाही. कामगाराला एकदा कळलं की घंटेला उठल्याने पैसे जात नाहीत, की त्याचे पाय आपोआप हलतील असं मला वाटतं.

पट्ट्याचं म्हणाल तर पाळी बदलताना ड्रिल घ्या. माग तसेही थांबतात. जाणारी आणि येणारी, दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असतात. गर्दी दुप्पट, म्हणजे दाराची परीक्षाही खरी होते.

खडू_फळा

शाळेत शिकवते. फार मोठं लिहीत नाही. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून लागलेली आग गवती छपरावर गेली आणि ९४ मुलं गेली. तेव्हापासून आपल्याकडे शाळांना परिपत्रकं येतात, ड्रिल होतं.

मी आमच्याकडे ते मनापासून घेते. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा मोठी मुलं दप्तरं भरायला लागली आणि बालवाडीतल्या मुली दारात बसून चपला घालत होत्या. बंद लावता येत नव्हते म्हणून एकमेकींना मदत करत होत्या, अगदी शिस्तीत, जसं आम्हीच शिकवलंय. मागे सगळा वर्ग तुंबलेला. तेव्हापासून आमच्या शाळेत नियम: घंटा वाजली की अनवाणी, हात रिकामे, पुढच्याच्या खांद्यावर हात. उन्हाळ्यात सोलापूरची जमीन किती तापते ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून जमायची जागा लिंबाच्या सावलीत ठेवली. बाई हजेरीपट घेऊनच बाहेर पडतात आणि तिथे नावं घेऊन मोजतात. नुसती संख्या मोजत नाही. एक मूल दुसऱ्या वर्गाच्या रांगेत शिरलं तर संख्या चुकते आणि कुणीतरी विनाकारण आत शोधायला जातं.

जुळे_सोलापूर

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून विचारतो. आमची इमारत सात मजली. गच्चीच्या दाराला कुलूप, चावी वॉचमनकडे. होजच्या पेटीत झाडू आणि फिनेलच्या बाटल्या होत्या, त्या काढायला लावल्या. पाचव्या मजल्यावर दोन आजी आहेत, जिना उतरू शकत नाहीत. त्यांचं काय करायचं?

सिस्टर_साहेब

जुळे_सोलापूर, तुमच्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर हॉस्पिटलच्या पद्धतीत आहे. आमच्या रुग्णालयात सगळ्यांना खाली आणणं शक्यच नसतं. म्हणून आधी आडवं हलवायचं: त्याच मजल्यावर, आगीपासून लांबच्या, दार बंद होणाऱ्या भागात. मग तिथून मदत आली की खाली. जो धोक्याच्या सगळ्यात जवळ आहे तो पहिला, मग आजूबाजूचे. मधली दारं बंद करत जायचं. बंद दार धुराला बराच वेळ थोपवतं. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे प्रत्येक पाळीच्या सिस्टरला ठाऊक हवं.

आजींसाठी दोन घरं ठरवून ठेवा, त्यांच्या शेजारची. बेडशीटवर घालून ओढत नेण्याचा सराव करा. उचलण्यापेक्षा ओढणं सोपं जातं आणि खाली धूरही कमी असतो. लिफ्ट अजिबात नको.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला रात्री आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. त्या बातमीनंतर मी रात्रपाळीचं ड्रिल वेगळं मागितलं. दिवसा सगळा स्टाफ असतो. रात्री एका वॉर्डात किती हात असतात ते आम्हालाच माहीत.

जुळे_सोलापूर

ताई, मनापासून आभार. दोन्ही शेजाऱ्यांशी आजच बोलतो. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी ड्रिल सांगितलंय, ते सभेत वाचून दाखवणार आहे.

बार्शीकर

थोडं अवांतर. ज्या लाकडी साधनाने लाकडावर लाकूड घुसळून आग पाडतात त्यालाही इंग्रजीत फायर ड्रिलच म्हणतात. म्हणजे आपलं अरणीमंथन. खालची अधरारणी, वरची उत्तरारणी, मधल्या मंथ्याला दोरी गुंडाळून दोघांनी आळीपाळीने ओढायची. मी ते जवळून बघितलंय. दोरी ओढणाऱ्यांचे हात एका लयीत चालले नाहीत तर नुसता धूर निघतो, ठिणगी पडत नाही, आणि ती लय त्यांनी वर्षानुवर्षं घोटलेली असते. आग पाडायला जेवढी घोटून घेतलेली लय लागते, तेवढी आगीतून बाहेर पडायलाही लागावी, हे वाचताना मनात आलं म्हणून लिहिलं. चालू द्या.

भवानी_पेठ

माझे वडील मागावर आहेत. मी कायदा शिकते. दोन गोष्टी लिहायच्यात.

पहिली भाषेची. सोलापूरच्या पूर्व भागात शेडमध्ये बोलणं तेलुगूत चालतं, आता कानडी आणि हिंदी बोलणारेही आहेत. भिंतीवर 'आपत्कालीन मार्ग' लिहिलेलं असतं, नाहीतर इंग्रजीत. माझ्या वडिलांना मराठी बोलता येतं, पण ही पाटी त्यांनी कधी वाचलेली नाही. ओरडून सांगायची वेळ आली तर सांगणारा मुकादम त्यांच्या भाषेत ओरडेल का, हे ड्रिलमध्ये बघा. पाटीवर हिरवा बाण आणि पळणाऱ्या माणसाचं चित्र पुरतं.

दुसरी दाराची. बऱ्याच ठिकाणी रात्रपाळीला बाहेरून शटर ओढून घेतात, माल चोरीला जाऊ नये म्हणून. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. तिथलंही एक दार कुलूपबंद होतं. शंभरहून जास्त वर्षं झाली त्याला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३८ मध्येच लिहिलं होतं की आगीत बाहेर पडायच्या वाटा सगळ्या कामगारांना परिचित असल्या पाहिजेत आणि त्यांना तसं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. त्यात अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. हे प्रमाणपत्र यंत्रणेचं आहे. माणसं बाहेर पडू शकतात का, हे त्यातून कळत नाही. ते फक्त ड्रिल सांगतं. आणि कारखान्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या लहान शेडींमध्ये तर तपासायला कुणी येत नाही. तिथे जी माणसं आहेत त्यांनीच एकमेकांना जपायचंय.

माळढोक

भवानी_पेठ, उत्तम लिहिलंत. यावरून ढाक्याजवळच्या ताजरीन कारखान्याची आठवण झाली. २४ नोव्हेंबर २०१२, तयार कपड्यांचा कारखाना, तळमजल्यावर सुताचा आणि कापडाचा साठा पेटला. घंटा वाजली होती. वाचलेल्या कामगारांनी नंतर सांगितलं की माणसं उठायला लागली तेव्हा वरिष्ठांनी त्यांना 'काही नाही, कामाला बसा' म्हणून परत बसवलं. ११० हून जास्त कामगार गेले.

जकार्डने पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलंय त्याचा सगळ्यात वाईट शेवट हा. ऑर्डर वेळेत पाठवायची घाई ही एक आग, आणि खालच्या मजल्यावरची दुसरी. बसवणाऱ्या माणसाला पहिलीच खरी वाटत होती. म्हणून मला वाटतं ड्रिलमध्ये कामगारांइतकंच सुपरवायझरला शिकवायला हवं. घंटा वाजल्यावर कुणालाही 'बस' म्हणायचा अधिकार त्याला नाही, मालकालाही नाही. खोटी निघाली तर निघाली, माणसं परत येऊन बसतील.

सात_रस्ता

घंटेवरून विचारतो. आमच्याकडे चहाची, जेवणाची आणि सुट्टीची एकच बेल आहे. आगीलाही तीच वाजवायची का?

तांबडी_गाडी

अजिबात नाही. आगीचा आवाज वेगळा हवा आणि तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. या गावाने गिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळं लावलीत. भोंगा झाला की काय करायचं हे घराघरांत माहीत होतं, कारण त्याचा अर्थ कधी बदलला नाही. तुमच्या शेडमध्ये माग चालू असताना बेल ऐकूच येत नाही, ते आधी तपासा. आवाजाबरोबर फिरता लाल दिवा लावा. वीज गेली तरी चालेल असा हाताने फिरवायचा भोंगाही एक ठेवा. मेन बंद केल्यावर विजेची बेल बंद पडते, हे लोक विसरतात.

माळढोक, सुपरवायझरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

अचानक ड्रिल की सांगून, हा प्रश्न मला फोनवरही काहींनी विचारला. पहिलं सांगून घ्या, सावकाश, वाट दाखवत. दुसरं फक्त आठवडा सांगून, दिवस न सांगता. तिसऱ्यात एक वाट मुद्दाम बंद करा, तिथे माणूस उभा करा आणि 'इथे आग आहे' म्हणू द्या. त्या दिवशी खरं काय ते कळेल. प्रत्येक वेळी १०१ ला आधी कळवून ठेवा.

जकार्ड

सगळ्यांचे आभार. मालक आणि आम्ही आज बसलो होतो. ठरलं ते लिहितो.

पहिलं ड्रिल पाळी बदलताना, त्या वेळेची मजुरी धरून. आधीच्या रविवारी तुळया आणि ट्यूबच्या पट्ट्या झाडणार, मागच्या जिन्यातले गठ्ठे उचलणार. शिलाईच्या बायकांतली एक आणि मागांवरचा एक, असे दोघे मोजणीला. मुकादम तेलुगूत आणि हिंदीत ओरडणार, आज त्याने करून दाखवलं. रजिस्टरमध्ये वेळ लिहायला मालकांच्या हातात घड्याळ असेल आणि जो आकडा येईल तोच लिहायचा. ऑडिटरला जास्त वाटला तर वाटू दे, पुढच्या वेळी कमी करून दाखवू.

ऑफिसचंही ठरवलं. तातडीचा मेल आला की उत्तर_कसबा यांनी लिहिलेला प्रश्न विचारायचा: कुठल्या मीटिंगला, किती वाजता. एजंटला तसं कळवलंय. त्यांनी पहिल्याच दिवशी एक मागणी मागे घेतली.

हिप्परगा

मजुरी धरून, पाळी बदलताना. हे मला जमेल. आणि भवानी_पेठ ताईंचं वाचून आज शेडला जाऊन दारं बघून आलो. मागचं दार आत उघडतं. उद्या सुताराला बोलावलंय, बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडणारं करून घेतो. तांबडी_गाडी काका, अजून काही?

तांबडी_गाडी

बाहेरच्या बाजूची कडी-कोयंडा काढून टाका. आतून एका हाताने दाबून उघडेल अशी पट्टी बसवा, अंधारात आणि किल्लीशिवाय. दाराच्या बाहेर सायकली, मोटारसायकली लावू देऊ नका. सुताराचं काम झालं की कळवा, मी स्वतः येऊन दार उघडून बघतो.